आचऱ्याचे आकाश : ड्रोन उड्डाणाच्या नियमांची ओळख

अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि दहावी उत्तीर्ण झालेला खेड्यातील तरुण किंवा तरुणी काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर शासनमान्य वैमानिक होऊ शकते, असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर ते थट्टेवारी गेले असते. आज ती वस्तुस्थिती आहे. हा वैमानिक विमानात बसत नाही. तो जमिनीवर उभा राहून हातातील यंत्राच्या साहाय्याने ड्रोन चालवितो. लग्नसमारंभाचे चित्रण, आंबा-काजूच्या बागांवरील फवारणी, गावठाणाची मोजणी, समुद्रावरील पहारा अशी अनेक कामे या लहानशा यंत्राकडे आली आहेत. या कामांतून उपजीविका करू इच्छिणाऱ्याला दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेत उड्डाणाच्या कौशल्याइतकेच महत्त्व नियमांच्या ज्ञानाला आहे. नियम थोडे आहेत आणि सुटसुटीत आहेत. तथापि ते नुसते पाठ करून भागत नाही. आपल्या गावाच्या आकाशाला ते कसे लागू होतात हे समजावून घ्यावे लागते. म्हणून प्रस्तुत लेखात मालवण तालुक्यातील आचरा हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. खाडी, समुद्र, डोंगरसडे, मच्छीमारी, माडा-आंब्यांच्या बागा आणि श्री रामेश्वराच्या कौलाने होणारी गावपळण हे सारे या परिसरात एकत्र आले आहे. परीक्षार्थी, त्याचे शिक्षक आणि त्याला काम देणारी ग्रामपंचायत या तिघांनाही हे उदाहरण उपयोगी पडावे.

नियमांची वाटचाल

भारतात ड्रोनविषयीचे धोरण प्रथम मनाईचे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून नागरी कामासाठी अशा यंत्रांचा वापर थांबविला. त्यानंतर १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची पहिली नियमावली अमलात आली. मार्च २०२१ मध्ये अधिक तपशीलवार नियम झाले. मात्र त्यांतील अर्ज आणि शुल्के यांचे जंजाळ फार मोठे असल्याची तक्रार झाली. तेव्हा शासनाने ते मागे घेऊन २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित केले. अर्जांच्या नमुन्यांची संख्या २५ वरून ५ वर आणि शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर आले. पुढे २०२२ व २०२३ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने नागरी ड्रोनविषयक स्वतंत्र कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर सूचना मागविल्या. यावरून विद्यार्थ्याने एक बोध घ्यावा. हा विषय वाहता आहे. परीक्षेच्या वेळी आणि नंतरही अद्ययावत नियम पाहण्याची सवय ठेवणे आवश्यक आहे.

नियमांचा सारा विस्तार चार प्रश्नांत बसविता येतो : यंत्राचे वजन किती? उड्डाण कशासाठी? ते कोठे? आणि किती उंचीवर? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला अचूक देता येतात, त्याची परीक्षेची बरीचशी तयारी झाली असे समजावे.

पहिला प्रश्न : वजन किती?

ड्रोनचे पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ते नॅनो, त्याहून अधिक व २ किलोग्रॅमपर्यंतचे मायक्रो, २ ते २५ किलोग्रॅमचे लहान, २५ ते १५० किलोग्रॅमचे मध्यम आणि १५० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे मोठे. ५०० किलोग्रॅमपर्यंतची यंत्रे या नियमांखाली येतात.

येथे परीक्षार्थी हमखास गफलत करतो. वजन म्हणजे खोक्यावर छापलेले रिकाम्या यंत्राचे वजन नव्हे. विजेरी, कॅमेरा, टाकीतील द्रव असा सर्व भार धरून उड्डाणसमयी होणारे जास्तीत जास्त वजन विचारात घेतले जाते. २४९ ग्रॅमच्या यंत्राच्या पात्यांभोवती संरक्षक कडी बसविली आणि वजन २६० ग्रॅम झाले, तर ते यंत्र नॅनो राहत नाही. ते मायक्रो वर्गात जाते आणि त्या वर्गाची बंधने त्याला लागू होतात. बागेत फवारणी करणाऱ्या ड्रोनची टाकी रिकामी असताना तो कितीही हलका वाटला, तरी भरलेल्या टाकीसह होणारे वजनच त्याचा वर्ग ठरविते.

दुसरा प्रश्न : उड्डाण कशासाठी?

नॅनो ड्रोन चालविण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर चालविला तरीही ते लागत नाही. परंतु तोच मायक्रो ड्रोन मोबदला घेऊन लग्नाच्या चित्रणासाठी उडविला, की प्रमाणपत्र आवश्यक ठरते. यंत्र तेच, हात तेच, अंगणही तेच. उद्देश बदलला की नियम बदलतो. लहान व त्यावरील वर्गांसाठी, संशोधनासारखे अपवाद सोडता, प्रमाणपत्र लागतेच.

प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ वर्षे असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि महासंचालनालयाने अधिकृत केलेल्या प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम व परीक्षा पूर्ण केलेली असावी. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार संस्थाच संगणकीय प्रणालीद्वारे प्रमाणपत्र देते. ते दहा वर्षे ग्राह्य असते. मात्र ज्या वर्गाचे प्रशिक्षण झाले त्याच वर्गापुरते ते उपयोगी पडते. पूर्वी अर्जासोबत पारपत्राची अट होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती शिथिल झाली आणि मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वाहन परवाना यांसारखे ओळखीचे व पत्त्याचे शासकीय पुरावे मान्य झाले. ग्रामीण उमेदवारांच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे.

वैमानिकाच्या प्रमाणपत्राखेरीज यंत्राचीही कागदपत्रे असतात. प्रत्येक ड्रोनची नोंदणी करून त्याला विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो व हौशी नमुना विमाने वगळता यंत्राच्या बनावटीला नमुना प्रमाणपत्र असावे लागते. नॅनो सोडून इतर सर्वांस त्रयस्थाच्या हानीचा विमा आवश्यक आहे. त्याला मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लागू होतात. कोकणातील घरांना आणखी एक सूचना देणे इष्ट ठरेल. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरताच अपवाद ठेवण्यात आला आहे. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या आप्ताने प्रेमाने आणलेली ही भेट म्हणूनच अडचणीची ठरू शकते.

तिसरा प्रश्न : कोठे?

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर देशाच्या आकाशाचा नकाशा खुला करण्यात आला. त्यात हिरवे, पिवळे आणि लाल अशी तीन क्षेत्रे आहेत. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास परवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यावी लागते. लाल क्षेत्रात केंद्र शासनाच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. ही क्षेत्रे जमिनीपुरती नसून भारताच्या सागरी हद्दीवरील आकाशालाही लागू आहेत, हे किनाऱ्यावरील वैमानिकाने विसरू नये.

विमानतळाच्या आसपासचे नियम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळी उंची निम्मी होते, म्हणजे २०० फूट किंवा ६० मीटर. त्यावरचे आकाश पिवळे असते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात तर जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते. त्याहून आत केंद्र शासनाच्या परवानगीविना उड्डाणाचा विचारही करू नये.

आता हे आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. सिंधुदुर्गचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीच्या पठारावर असून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आचरा तेथून सरळ रेषेत वीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे विमानतळाचे बंधन आचऱ्यास पोहोचत नाही. मालवण शहराची गोष्ट वेगळी आहे. मालवणहून चिपीला मोटारीने जाणाऱ्यास कर्ली खाडीचा वळसा पडतो. म्हणून ते अंतर त्याला बरेच वाटते. ड्रोनच्या नियमांना मोटाररस्ता ठाऊक नाही. ते पाखराच्या वाटेने अंतर मोजतात, आणि त्या वाटेने मालवण विमानतळापासून आठ-नऊ किलोमीटरांच्या टप्प्यात येते. म्हणजे नियमांचा पट्टा जेथे बदलतो नेमक्या त्या सीमेजवळ हे शहर आहे. देवबाग तर त्याहूनही जवळ. खाडीच्या मुखाशी उभे राहिले की विमानतळाचे पठार समोरच्या अंगास येते. आचऱ्यात बिनदिक्कत काम करणारा छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी देवबागच्या किनाऱ्यावर तसेच उड्डाण करू लागला, तर त्याच्या हातून कायद्याचा भंग होईल. अशा ठिकाणी अंदाज कामाचा नाही. नकाशावर नेमका बिंदू पाहूनच निर्णय घ्यावा.

नकाशा एकदा पाहून ठेवला म्हणजे झाले, असेही नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यास एखादे क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल घोषित करता येते. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणजवळ नौदल दिनाचा सोहळा झाला. अशा प्रसंगी नित्याचे आकाश रातोरात बदलू शकते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी नकाशा नव्याने पाहणे हा नियमच आहे.

शिवाय हिरवा रंग हवाई वाहतुकीपुरता बोलतो. सिंधुदुर्ग किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथील चित्रणास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची संमती लागते. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या बाबतीत वन विभागाकडे विचारणा करावी लागते.

चौथा प्रश्न : किती उंचीवर?

१२० मीटर ही मर्यादा सर्वांना पाठ असते. ती कोठून मोजावयाची येथे चूक होते. यंत्राच्या पडद्यावर सामान्यतः उड्डाण जेथून झाले त्या जागेपासूनची उंची दिसते. नियम मात्र ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासूनची उंची धरतो. सपाट मुलखात हा भेद जाणवत नाही. कोकणात तो फार मोठा आहे.

समजा, समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंच असलेल्या सड्यावरून ड्रोन उडविला आणि पडद्यावर १०० मीटर उंची दिसत आहे. सड्यावर असेतोवर हे उड्डाण नियमात बसते. तोच ड्रोन कड्यावरून पुढे जाऊन खालच्या पुळणीवर आला, की त्याची खऱ्या जमिनीपासूनची उंची १५० मीटर होते. पडद्यावरील आकडा तसूभर हललेला नाही, तरीही वैमानिक पिवळ्या क्षेत्रात शिरला आहे. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावे. एकदा डोळ्यांपुढे उभे राहिले की विद्यार्थी ते विसरत नाही.

वाऱ्याचा हिशेब

हवामान हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. भूगोलाच्या पुस्तकातील खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. रात्री व पहाटे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पहाटे किनाऱ्यावरून निघालेला ड्रोन वाऱ्याच्या पाठबळावर झपाट्याने समुद्रावर जातो आणि नवशिक्याला वाटते की काम सोपे आहे. परतताना त्याला त्याच वाऱ्याशी झुंजावे लागते.

आकड्यांत पाहू. ड्रोनचा स्वतःचा वेग सेकंदाला १० मीटर आणि वाऱ्याचा ५ मीटर आहे. जाताना वेग १५ मीटर पडतो. ६०० मीटर अंतर ४० सेकंदांत कापले जाते. येताना वेग अवघा ५ मीटर उरतो आणि त्याच अंतरास १२० सेकंद लागतात. जाण्याच्या तिप्पट वेळ येण्यास लागला. जाताना विजेरीचा जेवढा भाग खर्च झाला तेवढाच येताना लागेल असे धरणाऱ्याचे यंत्र समुद्रार्पण होते. याच कारणास्तव ड्रोन आपल्या दृष्टीच्या टप्प्यात ठेवण्यावर प्रशिक्षणात भर दिला जातो. त्यापलीकडील उड्डाण ही वेगळ्या अनुमतीची बाब आहे.

दोन गोष्टी याच ओघात सांगावयास हव्यात. माणसे असलेल्या विमानाला वाट देण्याचे कर्तव्य सदैव ड्रोनचे आहे. आणि अपघात घडल्यास त्याची माहिती ४८ तासांच्या आत महासंचालनालयास कळवावी लागते. नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ड्रोनने उघडलेली कामे

नियमांचा हा अभ्यास कशासाठी, याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घटनांत आहे. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी देशपातळीवर स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणातील घरांना मिळकतीचा नकाशा व पुरावा मिळू लागला. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने लसी पोहोचविण्यात आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेस मंजुरी दिली. तीत महिलांच्या १५,००० बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट असून निवडलेल्या सदस्येस १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्यांतील पाच दिवस वैमानिकाच्या अनिवार्य प्रशिक्षणाचे आणि दहा दिवस खते व औषधे फवारण्याचे.

किनाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना ९ जानेवारी २०२५ ची. त्या दिवशी महाराष्ट्र शासनाने सागरी मच्छीमारीवर ड्रोनद्वारे देखरेख ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. राज्याच्या सात सागरी जिल्ह्यांत नऊ ठिकाणे निवडण्यात आली. सिंधुदुर्गसाठी देवगडची निवड झाली. आचरा मालवण आणि देवगड यांच्या दरम्यान असल्यामुळे येथील रापणकर आणि लहान होडीवाल्यांचा या व्यवस्थेशी थेट संबंध येतो. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आले, प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवरही बंदी आहे. तरीही अशा नौका येऊन मासळी लुटून नेतात, ही पारंपरिक मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. कायदा होता, पण नौका कोठे, कधी आणि काय करीत होती हे दाखविणारा पुरावा मिळणे कठीण होते. आकाशातून घेतलेले चित्र ही उणीव भरून काढू शकते.

मात्र पुराव्यासाठी केलेले उड्डाण स्वतः नियमशुद्ध असले पाहिजे. अप्रमाणित हातांनी, नोंदणी नसलेल्या यंत्राने घेतलेल्या चित्राबद्दल उद्या प्रतिपक्ष प्रश्न उपस्थित करील. परीक्षेतील एका गुणाचे मोल येथे एखाद्या होडीच्या हंगामाइतके होते.

पाचवा प्रश्न : खाली कोण आहे?

वरील चार प्रश्नांची उत्तरे बरोबर आली म्हणजे प्रमाणपत्र मिळते. आचऱ्यासारखे गाव आणखी एक प्रश्न विचारते.

दर काही वर्षांनी श्री रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याचे ग्रामस्थ गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह गावाची वेस ओलांडतात आणि तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या उभारून राहतात. नित्य गजबजलेले गाव निर्मनुष्य होते. पुन्हा कौल मिळाला की सर्वजण परततात. जवळच्या चिंदर, वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. अशा रित्या गावाचे वरून घेतलेले चित्र कोणाही छायाचित्रकारास मोह पाडील. नकाशा हिरवा आहे, उंची १२० मीटरांच्या आत आहे, प्रमाणपत्र खिशात आहे. हवाई नियमांच्या दृष्टीने येथे अडचण दिसत नाही.

पण खाली पाहावे. एकीकडे कुलूपबंद घरे, त्यांची मागील दारे आणि उघडी परसे आहेत. कोणत्या घराला राखण नाही हे ते चित्र जगाला सांगेल. दुसरीकडे वेशीबाहेर कुडाच्या आडोशाने राहणारी कुटुंबे आहेत. तेथे बायाबापड्यांचे स्नान, स्वयंपाक, बाळंतिणीची विश्रांती सारे उघड्या आकाशाखाली चालते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला आहे. आकाश मोकळे असले तरी खालचे अंगण कोणाचे तरी आहे. म्हणून चांगला वैमानिक अशा वेळी देवस्थानचे मानकरी, ग्रामस्थ व पोलीस यांना आधी भेटतो, कोणता भाग टिपावयाचा व कोणता वगळावयाचा हे ठरवितो, आणि नकार मिळाला तर यंत्र पेटीत ठेवतो.

ग्रामपंचायतीने काय करावे?

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला दिला म्हणून पिवळे किंवा लाल क्षेत्र हिरवे होत नाही. हवाई परवानगी देण्याचा अधिकार ड्रोन नियमांनी पंचायतीला दिलेला नाही. दुसऱ्या बाजूने, पंचायत केवळ बघ्याची भूमिका घेण्यास बांधलेली आहे असेही नाही. जत्रा, शाळेचा कार्यक्रम, रस्त्याच्या कामाचे चित्रण किंवा फवारणी यांसाठी ती स्वतः ड्रोनचालकास काम देते, तेव्हा चार कागद अवश्य पाहावेत : ड्रोनचा ओळख क्रमांक, चालकाचे त्या वर्गाचे प्रमाणपत्र, चालू विमा आणि त्या दिवशीच्या नकाशाची प्रत. गर्दीच्या डोक्यावरून यंत्र नेऊ नये, अशी अट कामाच्या पत्रातच घालावी. फवारणीपूर्वी शेजारच्या बागायतदारांना आणि विहिरींच्या मालकांना दवंडीने अथवा भ्रमणध्वनीवरून कळवावे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली आहे. ती ग्रामसभेत वाचून दाखविल्यास उत्तम.

माध्यमिक शिक्षकांनाही येथे करण्यासारखे काम आहे. वजन-मापे, कोन व उंची, वारे, नकाशावाचन आणि नागरिकशास्त्र हे विषय या एका परीक्षेत एकत्र येतात. दहावीच्या वर्गात या प्रश्नांची तोंडओळख करून दिली, तर अठराव्या वर्षी प्रशिक्षणास जाणारा विद्यार्थी कोरी पाटी घेऊन जाणार नाही.

कोकणच्या मुलाने पोट भरण्यासाठी मुंबईची वाट धरावी, हा अनेक पिढ्यांचा परिपाठ आहे. ड्रोनमुळे तो एका दिवसात बदलेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु मोजणी, फवारणी, पहारा आणि चित्रण ही कामे गावातच निर्माण झाली आहेत आणि ती गावच्या मुलामुलींनी करण्यासारखी आहेत. सड्याची उंची, मतलईची वेळ आणि कोणाच्या परसावरून यंत्र नेऊ नये याचे भान त्यांना घरातूनच मिळालेले असते. त्याला नियमांच्या अभ्यासाची जोड मिळाली, तर आचऱ्याच्या आकाशात उडणारे यंत्र आचऱ्याच्याच हाती राहील.